ऑर्विल डंकेलची अँटेना

ऑर्विल डंकेल निवृत्त झाला तेव्हा काउंटीच्या रस्ते खात्यातल्या लोकांनी त्याला एक स्कॅनर भेट दिला. भिंतीवरचं घड्याळ द्यावं की स्कॅनर, यावर म्हणे खात्यात मतदान झालं होतं आणि घड्याळ दोन मतांनी पडलं. घड्याळ निवडून आलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं ऑर्विलची बायको नेवा आजही म्हणते.

स्कॅनर म्हणजे पावाच्या लादीएवढा काळा डबा. पोलीस, आगीचे बंब, अ‍ॅम्ब्युलन्स, रस्त्यावरचे ट्रक वायरलेसवर एकमेकांशी जे बोलतात ते हा डबा घरबसल्या ऐकवतो. फक्त ऐकायचं, बोलायची सोय नाही. एकतीस वर्षं खात्याच्या वायरलेसवर बसून "ट्रक चार, पुढच्या फाट्याला डावीकडे घे, उजवीकडचा नाला तुंबलाय" असं सांगत आलेल्या माणसाला नुसतं ऐकायला बसवायचं, ही भेट आहे की टोमणा, यावर ऑर्विलने दोन दिवस विचार केला. मग त्याने डबा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला आणि नेवाला सांगितलं, "हवामान कळत जाईल."

हवामान टीव्हीवरही कळत होतं. खरी गोष्ट वेगळी होती आणि ती त्याने कोणालाच सांगितली नव्हती. त्याच्या खुर्चीवर आता टॅमरा नावाची अठ्ठावीस वर्षांची मुलगी बसली होती. जाताना ऑर्विलने तिला एक वही दिली होती: कुठला नाला कधी तुंबतो, कुठली किल्ली कुठे असते, कुठल्या ट्रकचं काय दुखतं, सगळं त्याच्या बारीक अक्षरात. पण वहीने का कधी खातं चालतं? ऑर्विलचा हिशोब असा होता की पहिला बर्फ पडला की पंधरवड्यात खातं गुडघे टेकणार. तो काही दुष्ट माणूस नव्हता. खात्याचं वाईट व्हावं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. फक्त होणारच असेल, तर ते आपल्याला ऐकू यावं, एवढंच.

अडचण अशी की ओहायोच्या त्या भागात फारशा टेकड्या नाहीत, पण ज्या आहेत त्यांच्या मधोमध वाडग्याच्या तळाशी ब्रायर हॉलो ही त्यांची वसाहत होती. स्कॅनरबरोबर आलेली अँटेना करंगळीएवढी, रबराची. तिच्यावर ऑर्विलला पंधरा मैलांवरचं रस्ते खातं ऐकू येण्याऐवजी कोपऱ्यावरच्या बर्गरच्या दुकानाची खिडकी ऐकू येऊ लागली. गाडीतून मागणी देणारी गिऱ्हाइकं आणि आतली पोरं यांचं वायरलेसवरचं सगळं बोलणं लख्ख. आठवड्याभरात ऑर्विलला अर्ध्या वसाहतीचा आहार पाठ झाला. वसाहतीच्या कमिटीच्या अध्यक्ष मिसेस पॅजेट दर मंगळवारी चर्चच्या तळघरात वजन उतरवण्याचा वर्ग घेत, आणि वर्ग सुटल्यावर सव्वाआठला दुहेरी बर्गर, जास्तीचं चीज, कांद्याच्या रिंगा. ऑर्विलने हे कोणाला सांगितलं नाही. ऐकलेलं बाहेर सांगायचं नसतं, असा कायदा आहे, आणि ऑर्विल कायद्याचा माणूस होता. पण मंगळवारी रात्री त्यालाही भूक लागायला लागली.

"तुला अँटेना हवी," शेजारच्या क्लेटन रूपने निदान केलं. क्लेटन दुरुस्त्या करणारा माणूस होता. त्याच्या अंगणात तीन गवत कापायची यंत्रं होती, तिन्ही उघडलेली. "चांगली मोठी. आणि उंच. उंची हेच सगळं असतं बघ यात."

दुकानात गेल्यावर कळलं की अँटेना ही एक वस्तू नसून एक पंथ आहे. काउंटरवरच्या माणसाने आधी विचारलं, तुम्हाला एका दिशेचं ऐकायचंय की चारी दिशांचं? एका दिशेचं हवं तर माशाच्या काट्यासारखी अँटेना, तिचं तोंड जिकडे तिकडचंच ऐकणार. चारी दिशांचं हवं तर वेगळी. ऑर्विलला खरं तर एकाच दिशेचं ऐकायचं होतं, पण ते परक्या माणसापुढे कबूल करणं त्याला जड गेलं. "सगळ्यांचंच," तो म्हणाला. म्हणून त्याला वर गोल चकतीसारख्या आठ काड्या आणि खाली घेरासारख्या आठ काड्या असलेली एक गोष्ट मिळाली. घरी आणल्यावर नेवाने तिच्याभोवती एक फेरी मारली.

"वाऱ्याने कापड उडालेली छत्री," ती म्हणाली. "मोजे वाळत घालायला बरी आहे. कुठे लावणार?"

"माळ्यावर. बाहेरून दिसणार नाही."

माळा हा क्लेटनचाच सल्ला. शनिवारी दोघे वर चढले. नेवा खाली शिवणाच्या खोलीत मशीनवर पडदे शिवत होती. तिला वरून बोलणं ऐकू येत होतं. क्लेटन सांगत होता, "फळीवरच पाय ठेव हं ऑर्विल. मधे नुसता पुठ्ठा आहे. माणसं काय करतात, बोलण्याच्या नादात..." इथे त्याचं बोलणं थांबलं आणि नेवाच्या मशीनपासून दोन हातांवर छतातून क्लेटनचा उजवा पाय मांडीपर्यंत खाली आला. नेवाने मशीन बंद केलं. पायात तपकिरी मोजा होता.

"क्लेटन," ती वर बघून म्हणाली, "कॉफी घेणार का?"

"काढल्यावर," छतातून उत्तर आलं.

त्याला काढायला वीस मिनिटं लागली आणि भोक बुजवायला दोन शनिवार. पण अँटेना लागली. संध्याकाळी ऑर्विलने मोठ्या आशेने डबा चालू केला. बर्गरचं दुकान आता इतकं स्पष्ट ऐकू येत होतं की तळणीत बटाटे टाकल्याचा आवाजही यावा. बाकी काही नाही. शोध केल्यावर कळलं की घर गरम राहावं म्हणून बांधणाऱ्याने छताला आतून चकचकीत पत्र्याचा कागद लावलेला होता. अँटेना म्हणजे फॉइलमध्ये गुंडाळलेलं सँडविच झाली होती. बर्गरचं दुकान एवढं जवळ होतं की ते भिंतीतूनही आलं असतं.

"बाहेर," क्लेटन म्हणाला. तो आता थोडा लंगडत होता. "धुराड्याला पट्टा लावून. मी तुला आधीच सांगणार होतो."

ऑर्विलने अँटेना धुराड्याला बांधली, नोव्हेंबरच्या एका गुरुवारी. त्या संध्याकाळी, आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या स्वयंपाकघरात, त्याला खात्याचा आवाज ऐकू आला. "तळ, मी ट्रक सात." तळ म्हणजे खात्याची कचेरी, आणि आवाज ड्रायव्हर अर्लचा. ऑर्विल खुर्ची ओढून बसला. मग टॅमरा बोलली. बर्फ उद्या पहाटेपासून, रस्त्यावर टाकायचं मीठ भरून ठेवा, पुलावर आधी. शांतपणे, एकेक शब्द. ऑर्विलने चष्मा पुसला. "घाबरलीय पोरगी," तो नेवाला म्हणाला. "आवाजात कळतं." नेवाला तसं काही ऐकू आलं नव्हतं. त्यालाही आलं नव्हतं.

सोमवारी कमिटीचं पत्र आलं.

आता या पत्राबद्दल थोडं सांगायला हवं. ऑर्विलने आयुष्यभर अशी पत्रं लिहिली होती. "आपण परवानगीविना घरासमोरचा नाला बुजवल्याचे निदर्शनास आले आहे." लोक फोन करून ओरडायचे, काही रडायचेही, आणि तो समजुतीने म्हणायचा, "मी समजू शकतो, पण नियम आहे." आपल्याला कधी असं पत्र येईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. मिसेस पॅजेट यांनी लिहिलं होतं: आपल्या धुराड्यावर अँटेनासदृश वस्तू निदर्शनास आली आहे. नियम चौदा. तीस दिवसांत काढावी.

"निदर्शनास आली आहे," ऑर्विल मोठ्याने म्हणाला. "ही माझी ओळ आहे."

कमिटीची सभा मिसेस पॅजेटच्या दिवाणखान्यात भरली. ऑर्विल टाय लावून गेला. त्याने बाजू मांडली की नियमात 'अँटेना' या शब्दाची व्याख्या दिलेली नाही, आणि नियम जिथे गप्प असतो तिथे माणूस मोकळा असतो. नियम नीट वाचला तर कपडे वाळत घालायची दोरी आणि पक्ष्यांच्या दाण्याचा खांबही अँटेना ठरू शकतो. कमिटीने हे गंभीरपणे ऐकलं आणि व्याख्या ठरवायला उपसमिती नेमली. उपसमितीने जानेवारीत व्याख्या केली: जे डंकेल यांच्या धुराड्यावर आहे ते. मिसेस पॅजेट त्याला दारापर्यंत सोडायला आल्या. "ऑर्विल, मला समजतं रे," त्या म्हणाल्या. "पण नियम आहे."

अँटेना उतरली. बर्फाचे सगळ्यात मोठे दोन आठवडे आले आणि गेले. खातं गुडघे टेकत असलंच तर ते ऑर्विलला न ऐकवता टेकत होतं. तो खिडकीत उभा राहून रस्त्यावरचा बर्फ बघायचा. रस्ता सकाळी सातच्या आत साफ झालेला असायचा, हे त्याला फार लागलं.

मार्चमध्ये क्लेटन कुंपणावरून वाकून म्हणाला, "झेंडा."

"काय झेंडा?"

"नियम बावीस. मी सगळं पुस्तक वाचून काढलंय. प्रत्येक घराला वीस फुटांपर्यंत झेंड्याची काठी उभारता येते. आणि झेंड्याला नाही म्हणायची पॅजेटबाईंची हिंमत आहे का? काठी घ्यायची फायबरची, आतून पोकळ. लोखंडाची घेतलीस तर पुन्हा फॉइलमधलं सँडविच. आत वरपर्यंत तांब्याची नळी, तिथून केबल खाली, जमिनीखालून थेट गॅरेजमध्ये. वर काय दिसेल? झेंडा. खाली काय ऐकू येईल?" त्याने भुवया उडवल्या.

ऑर्विल म्हणाला की हे फसवणं आहे. क्लेटन म्हणाला की काठीच्या आत काय असावं याबद्दल नियम बावीस गप्प आहे, आणि नियम जिथे गप्प असतो तिथे माणूस मोकळा असतो, हे ऑर्विलनेच भर सभेत सांगितलं नव्हतं का? ऑर्विलला आपलंच वाक्य इतकं आवडलं की त्याने दुसऱ्या दिवशी अर्ज केला.

अर्ज तीन प्रतींत होता. कारण या रकान्यात काय लिहावं यावर तो अर्धा तास अडला आणि शेवटी त्याने लिहिलं, 'देशप्रेम'. त्याला देशाबद्दल प्रेम होतंच, फक्त आत्तापर्यंत त्यासाठी खड्डा खणावा असं वाटलं नव्हतं. परवानगी चार दिवसांत आली, आणि तीही मिसेस पॅजेट स्वतः घेऊन आल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "मनात काही न ठेवता तू हे करतोयस," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांनी शिकण्यासारखं आहे." नेवा सिंककडे तोंड करून भांडी धूत होती. ती बराच वेळ तीच बशी धूत राहिली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात काठी उभी राहिली. सिमेंट कालवण्याचं काम क्लेटनने केलं आणि त्याचा एक हातमोजा अजून त्या सिमेंटमध्ये आहे. पण अँटेना काम करत होती. इतकी छान, की ऑर्विलला तीन काउंट्यांचे बंब आणि सगळे ट्रक ऐकू येत होते. गॅरेजमध्ये त्याने खुर्ची टाकली, टेबल टाकलं, शेजारी कॉफीचा थर्मास. सुखाचे दिवस आले असं म्हणायला हरकत नव्हती. ते दीड दिवस टिकले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरच्या घरातले बोहॅनन रस्ता ओलांडून आले. बोहॅनन पंचाहत्तरीचे, आरमारातून निवृत्त. त्यांच्या पाठीचा कणा पाहून इतर लोक नकळत सरळ उभे राहत. ते सहसा कोणाकडे जात नसत.

"सूर्य मावळला," ते म्हणाले.

ऑर्विलने आकाशाकडे पाहिलं आणि ते मान्य केलं.

"झेंडा वर आहे. सूर्योदयाला चढवायचा, सूर्यास्ताला उतरवायचा. रात्री ठेवायचा तर त्यावर दिवा हवा. पावसात भिजू द्यायचा नाही. जमिनीला लागू द्यायचा नाही. घडी त्रिकोणी." त्यांनी खिशातून एक पातळ पुस्तिका काढून दिली. तिच्यातल्या ओळी पेन्सिलीने अधोरेखित केलेल्या होत्या. "वाचा. सकाळी सहा सत्तावन्नला भेटू."

दिवा लावायचं ऑर्विलने मनात आणलं, तर दिव्याचा नियम एकतीस निघाला आणि त्यासाठी वेगळी उपसमिती. तेव्हापासून ऑर्विल रोज सूर्याबरोबर उठू लागला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच, आणि नोकरीत असतानापेक्षाही लवकर. समोरच्या खिडकीत बोहॅनन हातात कप घेऊन उभे असत. ऑर्विलने दोरी सावकाश ओढली की ते मान हलवत, भराभर ओढली की दुसऱ्या तऱ्हेने हलवत. चढवताना भराभर, उतरवताना सावकाश, हे ऑर्विलच्या ध्यानात यायला आठवडा गेला. शेजारीपाजारी फोन करू लागले. कोणी म्हणे तुमचा झेंडा काठीला गुंडाळला गेलाय. कोणी म्हणे पाऊस येतोय. राज्याचे कोणी माजी मोठे गृहस्थ वारले आणि झेंडा अर्ध्यावर आणायचा राहिला, तर एका सकाळी अकरा फोन. एका बाईने विचारलं, ऑर्विल कुठल्या युद्धात होता. तो सपाट तळव्यांमुळे सैन्यात घेतलाच गेला नव्हता हे सांगेपर्यंत ती 'तुमच्या सेवेबद्दल आभार' म्हणून फोन ठेवूनही मोकळी झाली.

"तू नेमकं ऐकतोस तरी कधी?" नेवाने एकदा विचारलं.

तो ऐकत होता. आणि जे ऐकत होता त्याने त्याला सूर्योदयापेक्षा जास्त थकवा येत होता. एप्रिलमधल्या पुरात टॅमराने दोन पूल वेळेत बंद केले. मे महिन्यात वादळ आलं तेव्हा ती सोळा तास वायरलेसवर बसली आणि तिचा आवाज सोळाव्या तासाला पहिल्या तासासारखाच होता. एकदाही ती चुकली नाही. ऑर्विलने चुका लिहायला एक कोरी वही घेतली होती. तिच्यात एकच नोंद होती, 'खोकते', तीही एप्रिलमधली, आणि तो खोकला नंतर बरा झाला होता.

मेच्या मध्याला मिसेस पॅजेट पुन्हा आल्या. युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा मेमोरियल डे शेवटच्या सोमवारी होता, आणि वसाहतीत झेंड्याची काठी एकच. "तेव्हा या वर्षीपासून कार्यक्रम तुझ्या अंगणात, ऑर्विल. सकाळपासून झेंडा अर्ध्यावर, बरोबर बाराला पूर्ण वर. बोहॅनन सांगतील कसं. आणि दोन मिनिटं शांतता." नाही म्हणण्यासारखं एकही कारण ऑर्विलला सुचलं नाही, कारण सगळी कारणं काठीच्या आत होती.

सोमवारी साठएक माणसं अंगणात जमली. नेवाने लिंबाचं सरबत केलं होतं. बटाट्याचं सॅलड चार घरांतून आलं होतं, कारण कोणी कोणाला विचारलं नव्हतं. क्लेटन गॅरेजमधून घडीच्या खुर्च्या आणून मांडत होता. शेवटची खुर्ची आणताना टेबलावर स्कॅनर दिसला. त्याचा दिवा लागलेला, पण आवाज नाही. सुट्टीचा दिवस असल्यामुळे कोणी बोलतच नव्हतं. क्लेटनला वाटलं बिघडलाय. त्याने सवयीप्रमाणे आवाजाचं बटण पार उजवीकडे पिळलं, तरी काही नाही, म्हणून मान हलवत तो खुर्ची घेऊन बाहेर आला. गॅरेजचं दार उघडंच राहिलं.

बाराला दोन मिनिटं कमी असताना बोहॅनन यांनी हात वर केला. साठ माणसं उभी राहिली. टोप्या उतरल्या. कुठेतरी एक कुत्रा भुंकत होता, तोही थांबला. दोरी हातात धरून ऑर्विल काठीपाशी उभा होता.

"तळ, मी ट्रक सात," गॅरेजमधून अर्लचा आवाज गरजला. "मिलर रोडवर ओक आडवा झालाय. रस्ता बंद करायच्या पाट्या हव्यात. शेडला कुलूप आहे. किल्ली कुठाय?"

साठ माणसांनी माना वळवल्या नाहीत, कारण शांतता चालू होती. पण डोळे वळले.

"थांब, ट्रक सात. बघते," टॅमरा म्हणाली.

मग थोडी खरखर. मग अर्ल पुन्हा, वैतागून: "ऑर्विल असता ना, तर आत्तापर्यंत किल्ली हातात असती."

नऊ महिने ऑर्विल या एका वाक्यासाठी छत फोडत होता, सभा लढवत होता, पहाटे उठत होता. आणि ते वाक्य साऱ्या वसाहतीने ऐकलं होतं. किल्ली कुठे आहे हे त्याला माहीत होतं. जगात फक्त त्यालाच माहीत होतं. त्याने दोरी क्लेटनच्या हातात दिली आणि, दोन मिनिटांतलं एक मिनिट शिल्लक असताना, ताठ मानेने घरात गेला.

खात्याचा नंबर फिरवायला त्याला डायरी लागली नाही.

"टॅमरा, मी ऑर्विल डंकेल. शेडची किल्ली..."

"मिस्टर डंकेल? अय्या, तुम्ही?" तिला खरंच आनंद झाला होता. "मिळाली की. आत्ताच सांगितली अर्लला. तुमच्या वहीत, पान अकरा. 'फ्यूजच्या पेटीमागे, खिळ्याला, जुन्या रेनकोटखाली.' रेनकोट तेवढा आता नाहीये."

"हो का," ऑर्विल म्हणाला.

"अर्लने आत्ताच तुमचं नाव काढलं होतं, त्याला कुरकुरायचंच असतं. तुम्हाला सांगू, कितीदा वाटतं तुम्हाला फोन करून काही विचारावं. पण वही उघडली की सगळं असतंच त्यात. विचारायला काही ठेवलंच नाहीत तुम्ही." मग ती थांबली. "पण तुम्हाला कसं कळलं, आम्ही किल्ली शोधतोय ते?"

"हवामान बघत होतो," ऑर्विल म्हणाला आणि फोन ठेवला.

हे चांगलं झालं की वाईट, हे त्याला ठरवता येईना. खिडकीतून दिसत होतं की बारा वाजून गेलेत, झेंडा अजून अर्ध्यावर आहे आणि क्लेटनने दोरी दोन्ही हातांनी अशी धरलीय की जणू पलीकडे बैल आहे. ऑर्विल बाहेर गेला. दोरी घेतली आणि झेंडा भराभर वरपर्यंत नेला. कोणी टाळी वाजवली नाही. वाजवायची की नाही हे कोणालाच कळत नव्हतं.

मिसेस पॅजेट पुढे आल्या. त्यांनी काठीला बोटाने टकटक केली. काठी पोकळ वाजली.

"ऑर्विल, यात अँटेना आहे का?"

सिमेंटमधला हातमोजा, सरबतापाशी उभी नेवा, सॅलडची चार भांडी, सगळं काही त्याच्याकडे बघत होतं असं त्याला वाटलं. खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं.

"आहे," तो म्हणाला.

"आहेच," बोहॅनन मिसेस पॅजेट यांच्याकडे वळून म्हणाले. "पहिल्या दिवसापासून आहे. चार वर्षं जहाजावर वायरलेसवर होतो मी, आयलीन. जमिनीतून केबल जाते ते मला दिसत नाही का? आणि लोक काठी लोखंडाची घेतात. फायबरची काठी घ्यायला काही कारण लागतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला कोणी विचारलं नाही. आणि झेंडा वेळेवर चढत होता." त्यांनी ऑर्विलकडे पाहिलं. "आज तीन मिनिटं उशीर झाला, ते वेगळं."

प्रकरण अर्थातच कमिटीपुढे गेलं. तीन सभा झाल्या. पहिलीत मिसेस पॅजेट म्हणाल्या, आपला विश्वासघात झाला, आणि ऑर्विलने मान खाली घालून ते मान्य केलं. त्याच सभेत कोणीतरी सहज विचारलं की त्या डब्यावर काय काय ऐकू येतं, आणि ऑर्विल म्हणाला, "बंब, पोलीस, कोपऱ्यावरचं बर्गरचं दुकान." मिसेस पॅजेट यांनी हातातले कागद सारखे केले. त्याने पुढे एक अक्षर काढलं नाही, काढणारही नव्हता. ऐकलेलं बाहेर सांगायचं नसतं. पण दुसऱ्या सभेत त्यांचा आवाज बराच मऊ होता, आणि तिसऱ्या सभेत नियम बावीसला एक ओळ जोडली गेली: काठीच्या आत जे आहे ते काठीचा भाग मानावे, मात्र झेंडा रोज नियमाप्रमाणे चढला व उतरला पाहिजे, आणि त्यावर देखरेख श्री. बोहॅनन यांची.

म्हणजे अँटेना राहिली आणि सूर्योदयही राहिला.

पण ऑर्विलचं मन उडालं होतं. बुधवारी दुपारी त्याने पाना घेतला आणि केबल सोडवायला गॅरेजमध्ये गेला. आता कशाला ऐकायचं? खातं चाललंय, चालत राहील. पान अकरा आहे, पान बारा आहे.

गॅरेजमध्ये त्याच्या खुर्चीत नेवा बसली होती. मांडीवर अर्धवट पडदा, पण सुई थांबलेली.

"उठ जरा," ऑर्विल म्हणाला. "केबल काढतोय."

"थांब." तिने हात वर केला. "काउंटी रोड नऊवर कोणाच्या तरी गायी आल्यात. अर्ल एकटाच आहे. त्यातली एक ट्रकमध्ये तोंड घालतेय म्हणाला. हे संपू दे."

"तू हे ऐकतेस?"

"तू झेंडा उतरवायला जातोस तेव्हा. एप्रिलपासून." तिने आवाज थोडा वाढवला. टॅमरा अर्लला विचारत होती, गायींचा मालक कोण. अर्ल म्हणत होता, गायी सांगत नाहीत. नेवा हसली. एकतीस वर्षं ऑर्विल संध्याकाळी घरी आला की ती विचारायची, "कसा गेला दिवस?" आणि तो म्हणायचा, "नेहमीसारखा."

"हा अर्ल," ती म्हणाली, "तोच ना, ज्याच्या लग्नात आपण गेलो होतो? उंच?"

"उंच तो डीन. अर्ल बुटका, गुडघा दुखतो त्याचा. पुलावरून पडला होता एकदा, एकाहत्तर साली. म्हणजे पडला नव्हता खरं तर." ऑर्विल घुटमळला. पाना त्याने टेबलावर ठेवला. "ते एक मोठंच प्रकरण झालं होतं."

नेवाने पायाने दुसरी घडीची खुर्ची त्याच्याकडे ढकलली.

"सांग," ती म्हणाली. "पण हळू. गायींचं ऐकू येऊ दे."